वेलींना लागलेलं औषध

भावानं तिच्या तोंडाकडे सरळ बघितलं आणि "माफ करा, बाई" म्हणून तो पुढे निघून गेला. दुपारच्या सुटीत फिलोमेना पर्चेस स्ट्रीटच्या सिग्नलपाशी उभी होती, हातात कागदात गुंडाळलेला सॉसेजचा पाव, आणि समोरून रस्ता ओलांडून क्रिसांतो येत होता. या वेळी तो तिकडे कार्व्हरला, क्रॅनबेरीच्या खाचरात असायला हवा होता. जुलै म्हणजे तणाला औषध लावायचे दिवस, आणि हा न्यू बेडफर्डात, तेसुद्धा एवढ्या उकाड्यात जाड काळं जाकीट घालून. आधी तिनं जाकीट ओळखलं, मग त्याला. माईच्या मयताला त्यानं तेच घातलं होतं. तिचा हात आपोआप वर गेला, पावासकट. त्याचे डोळे तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. थांबले, याबद्दल तिला नंतरही शंका वाटली नाही. मग त्याचा खांदा तिच्या कोपराला घासला, पावाचा कागद चुरगळला, आणि तो ते शब्द बोलला, अगदी सभ्यपणे, अनोळखी बाईला म्हणावेत तसे. ती वळून बघत राहिली. तो दुकानांच्या भिंतींच्या कडेकडेनं चालत कोपऱ्यावर वळला. सिग्नल पुन्हा लाल झाला तरी ती तिथेच होती.

दुकानात परतल्यावर तिनं एका नवरीच्या झग्याची किनार हातात घेतली आणि पहिलीच टाचणी मुलीच्या घोट्यात टोचली. असं कधी झालं नव्हतं. नवऱ्यामुलींचे झगे उंचीला बेतून देण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. स्टुलावर उभ्या असलेल्या मुलींचे घोटे ती चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखत होती. मुलगी समजूतदार निघाली. "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" तिनं वरून विचारलं. "बरी आहे. हलू नकोस," फिलोमेना म्हणाली आणि जमिनीवर बसून टाचण्या लावत राहिली. त्यानं शिवी दिली असती तर चाललं असतं. तोंड फिरवलं असतं तर तेही समजण्यासारखं होतं. दोन वर्षं ते दोघं बोलत नव्हते, रस्त्यात गाठ पडली तर तोंड फिरवायचं हे न सांगता ठरल्यासारखंच होतं. पण माफ करा, बाई. एवढं मऊ वाक्य. ते त्यानं तयार करून ठेवलं असणार, रोज थोडं घासून, आणि आज संधी मिळाल्याबरोबर बाहेर काढलं. तिला त्याचा राग आला, आणि रागाच्या खाली कुठेतरी थोडं कौतुकही वाटलं. पूर्वीपासून तो असाच. हातातलं काम नीट करणारा.

घरी आली तरी ते वाक्य सोबत होतं. तिचं घर तीन मजली लाकडी इमारतीत मधल्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर कुणीतरी मासे तळत होतं. माईची खोली तिनं अजून तशीच ठेवली होती; ठेवली होती असं नाही, तिथे काही करायचं तिला सुचलं नव्हतं. माई शेवटची काही वर्षं या खोलीत होती आणि ऑक्टोबरात गेली, भर तोडणीच्या दिवसांत, जेव्हा खाचरांत पाणी सोडलेलं असतं, लाल फळं वर तरंगत असतात आणि कुणाला मरायलासुद्धा सवड नसते. कार्व्हरच्या दफनभूमीत पापांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेजारी तिची जागा राखलेली होती. दगडावर नाव कोरलेलं होतं, फक्त शेवटची तारीख कोरायची राहिली होती. आणि माई म्हणाली होती, मला तिकडे नेऊ नकोस. एकदा नाही, अनेकदा, शुद्धीत असताना, सूप पिताना, केस विंचरून घेताना. फिलोमेनानं तिला शहरातच पुरलं. त्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना क्रिसांतोनं ताटली खाली ठेवली आणि सगळ्या नातेवाइकांसमोर विचारलं, "पापांना तिथं एकटं ठेवलंस?"

"माईनंच सांगितलं होतं."

"मला का नाही सांगितलं?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं आणि ते तिनं दिलं नव्हतं. माईनं कारणही सांगितलं होतं. तिकडे नेलंत तर मला पुन्हा गुडघ्यांवर बसावं लागेल, असं ती म्हणाली होती, थट्टेत नाही, एखादी बाई जुन्या मालकाकडे पुन्हा कामाला जायचं नाही असं म्हणते तशी. हे क्रिसांतोला कसं सांगायचं? पापांनी ती दलदल विकत घेतली, झाडं तोडली, वाळू आणून पसरली, वेलींच्या काड्या रोवल्या, ते सगळं माईनं पुन्हा कधी गुडघे टेकू नयेत म्हणून. घरात ही गोष्ट देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जायची, आणि सांगणारा क्रिसांतो असायचा. दुसऱ्यांच्या खाचरांत माई तरुणपणी बायकांच्या रांगेत गुडघ्यांवर सरकत, लाकडी सुपड्यानं फळं ओढत असे. केप वर्दी बेटांवरून आलेल्या बायकांची ती रांग, अंगाखाली गोणपाट, मागे मुकादम. पुढे स्वतःचं खाचर झालं. आणि तरीही, हे फिलोमेनाला आठवत होतं, क्रिसांतोला का आठवत नव्हतं कोण जाणे, स्वतःच्या खाचरातही माई गुडघ्यांवरच होती. आता तणासाठी.

गवत उपटलं की जातं. बाकीची तणं जात नाहीत, ती वर्षानुवर्षं जमिनीखाली बसून असतात. गोल्डनरॉडचे पिवळे तुरे दिसायला सुंदर, खाली मुळांची गादी. आणि सगळ्यांत वाईट काटेवेल. ती क्रॅनबेरीच्या वेलींच्या खालून, आडोशानं, सरपटत जाते, जिथे टोक टेकेल तिथे मूळ धरते, आणि ओढली तर तुटते आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याची नवी होते. माईच्या मनगटांवर त्या काट्यांच्या पांढऱ्या बारीक रेघा होत्या. मग क्रिसांतो मोठा झाला आणि औषध आलं. थंडी सरता सरता, वेली अजून तांबूस आणि झोपलेल्या असताना, तो छातीशी डबा बांधून हातानं दांडा फिरवत दाणेदार औषध विखरायचा. आणि जुलैत ती काठी. लांब पोकळ काठी, आत औषध भरलेलं, टोकाला भिजलेली वात. वेलींच्या वर डोकं काढलेल्या तणावरून ती फिरवायची, पुसल्यासारखी, आणि वेलीला स्पर्श होऊ द्यायचा नाही, कारण औषधाला वेल आणि तण यांतला फरक कळत नाही. ज्या दिवशी त्यानं पहिल्यांदा सगळं खाचर पुसून काढलं त्या दिवशी माई बांधावर उभी होती आणि हातांचं काय करावं हे तिला समजत नव्हतं. एप्रनमध्ये घालून बघत होती, मागे बांधून बघत होती.

फिलोमेनालाही त्यानंच शिकवलं. घर सोडून शहरात येण्याआधीच्या उन्हाळ्यात. काठीत नुसतं पाणी भरून त्यानं तिला वाळक्या फळ्यांवरून चालायला लावलं होतं. पडलेला प्रत्येक थेंब फळीवर काळा डाग होऊन दिसायचा. "ही एक मेलेली वेल," तो मागून म्हणायचा. "ही दुसरी. मेना, तू माझं खाचर मारणार आहेस की तण?" ती रडकुंडीला यायची आणि तो हसायचा, पण पुन्हा पहिल्या फळीवर नेऊन उभी करायचा. एकदा तिनं विचारलं होतं, शेंड्याला एवढंसं लावून ते खाली कसं मरतं? "ते स्वतःच खाली घेऊन जातं," तो म्हणाला, "शेंड्यापासून मुळापर्यंत. आपल्याला काही करावं लागत नाही. फक्त थांबायचं." त्या वेळी ती एक माहिती होती. आता, खालच्या माशांच्या वासात, पलंगावर बसून, माफ करा, बाई हे शब्द हळूहळू आत उतरत असताना, तिला ते आठवलं आणि तिनं उठून खिडकी उघडली.

शनिवारी ती गाडी काढून निघाली. भांडायला निघाली होती. वाटेत पाइनच्या झाडांमधून जाताना तिनं वाक्यं जुळवली, चांगली वाक्यं, आणि बांधाच्या कोपऱ्यावर गाडी थांबवली तेव्हा ती सगळी तयार होती. शेजारचा म्हातारा रेनो, फिनलंडवाल्यांचा, चराच्या पलीकडे पाण्याचा फवारा दुरुस्त करत बसला होता. त्यानं टोपी वर केली.

"बऱ्याच दिवसांनी दिसलीस. सांतो यंदा वेलींवर चिडलाय की काय?"

"म्हणजे?"

"मला काय विचारतेस, जाऊन बघ. मी पडलो शेजारी. मला बोलायची चोरी."

ती बांधावर चढली आणि तिनं दक्षिणेकडचं खाचर बघितलं. पापांनी पहिल्यांदा लावलेलं. लोक पूर्वी मुद्दाम बघायला यायचे असं, एकसारखं, दाट, वरून हात फिरवावासा वाटेल असं. त्यात तपकिरी पट्टे होते. रुंद, वेडेवाकडे, चराच्या काठापासून मधोमधपर्यंत गेलेले, आणि ते तणाचे नव्हते. वेली वाळल्या होत्या. पट्ट्यांच्या मध्ये काटेवेल हिरवीगार उभी होती, आणि गोल्डनरॉड कमरेएवढं. काठी तिथून गेली होती आणि त्यांना सोडून गेली होती. अलीकडे, जिथे पट्टा तपकिरी झाला नव्हता, तिथे वेलींच्या पानांवर निळी झाक होती. कुठे लावलं ते समजावं म्हणून औषधात मिसळतात तो रंग. ओला. आजचा. आणि त्या निळ्याच्या टोकाशी तिचा भाऊ, रबरी बूट, हातमोजे, काठी पुढे धरून, ठरावीक पावलांनी चालत होता. अगदी पूर्वीसारखा. मनगट तसंच, वळण तसंच. फक्त काठीचं टोक बोटभर खाली होतं, वेलींच्या अंगावरून जात होतं, आणि शेजारी एक पिवळा तुरा डुलत होता.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं की हा मुद्दाम करतोय. माईशिवाय, पापांच्या शेजारच्या त्या रिकाम्या जागेशिवाय, याला हे खाचर नको झालंय. ती तशीच उभी राहिली आणि जुळवून आणलेली वाक्यं कुठे गेली ते तिला कळलं नाही.

पायाखालची वाळू वाजली तसा तो थांबला. त्यानं मान वर केली आणि तिच्याकडे, थेट तिच्याकडे, रस्त्यावर बघितलं होतं तसंच बघितलं.

"कोण? रेनो?"

मग त्यानं चेहरा थोडा वळवला, तिच्यापासून दूर, चराकडे, जणू तिथे काही हललंय, आणि चराकडे बघत म्हणाला, "मेना."

म्हणजे असं होतं. तो तिच्याकडे बघत नसतानाच त्याला ती दिसत होती.

"मीच," ती म्हणाली.

"कशाला आलीस?"

"सुटी होती."

"शहरात सुट्या पुष्कळ." त्यानं काठी उभी धरली, टोक वर, थेंब पडू नये म्हणून, ती सवय शाबूत होती. मग जरा वेळानं, तिच्याकडे न बघता, त्यानं विचारलं, "आलीच आहेस तर सांग. खाचर कसं दिसतंय?"

हा प्रश्न तो पूर्वी कुणाला विचारत नसे. लोकच आपणहून सांगायचे. तिनं वाळलेल्या पट्ट्यांकडे बघितलं, त्याच्या चराकडे वळलेल्या गालाकडे बघितलं. गालावर दाढी करताना राहिलेला पांढऱ्या केसांचा एक पुंजका होता.

"छान दिसतंय," ती म्हणाली.

घरात त्यानं तिला काही करू दिलं नाही. माईच्या पद्धतीचा पावट्याचा भात शिजवलेला होता, तो त्यानं गरम केला. ती टेबलाशी बसून बघत राहिली आणि बघायला नको होतं असं तिला वाटत राहिलं. शेगडीचा दांडा त्यानं बोटांनी चाचपून शोधला. मीठ हातावर घेऊन जिभेला लावून बघितलं, ते मीठच आहे ना. मागच्या दाराशी, बुटांच्या वर, औषधाचे डबे मांडले होते आणि त्यांतल्या काहींच्या गळ्यात रबरबँड होते. एकाला एक, दुसऱ्याला दोन. वरची छापील अक्षरं तशीच होती, कुणी वाचत नसल्यासारखी. रबरबँड निसटला तर, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं मीठ कुठे ठेवलंय ते बघितलं, डब्यांपासून किती लांब. भात तळाला लागला होता. तिनं सगळा खाल्ला.

"शहरात आला होतास?" तिनं विचारलं.

"नाही. मला कुठली सवड."

"पर्चेस स्ट्रीटवर. काळं जाकीट घालून."

तो चमच्यानं ताटली खरवडत राहिला. ताटली रिकामी होती.

"मी समोर उभी होते, सांतो. तू मला माफ करा, बाई म्हणालास."

आता त्यानं चमचा ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते तिला नीट वाचता आलं नाही, कारण तो खिडकीकडे बघत होता आणि ती आता जाणत होती की तो खिडकीकडे बघत नाहीये.

"ती तू होतीस?"

"मला वाटलं तू ओळख दिली नाहीस."

"दिसली असतीस तरी दिली नसती," तो म्हणाला.

तिला हसू आलं. खरंच आलं, घशातून, आणि ते थांबवायला ती पाणी प्यायली. तोही हसला असावा, किंवा नुसता श्वास सोडला. मग तो बोलू लागला, टेबलावरचे तांदळाचे दाणे बोटानं एकत्र करत, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसा. मधोमध डाग आहे. आधी एका डोळ्यात होता, आता दोन्हींत. कडेचं दिसतं. तुझ्या कानातलं दिसतंय, तोंड दिसत नाही. त्या दिवशी त्या डॉक्टरकडेच गेलो होतो, जाकीट घातलं कारण डॉक्टरकडे जायचं म्हटल्यावर काय घालतात. "तो म्हणाला, पूर्ण आंधळा होणार नाहीस. फक्त ज्याच्याकडे बघशील ते दिसणार नाही. असं म्हणाला, आणि हात मिळवायला पुढे केला, तो मला दिसला, बाजूनं होता म्हणून."

"आणि गाडी कशी चालवलीस इथून तिथपर्यंत?"

"रस्ता पाठ आहे."

"माणसं पाठ नाहीत."

तिला वाटलं, इथे थांबावं. पण तो थांबला नाही, तो तिच्या कानाकडे बघत, म्हणजे तिच्याकडे बघत, म्हणाला, "मघाशी छान म्हणालीस. तू कधीपासून छान म्हणायला लागलीस? खरं सांग."

तिनं सांगितलं. पट्टे किती रुंद आहेत, कुठून कुठवर गेलेत. काटेवेल कुठे आहे. निळा रंग कशावर आहे. तिनं आवाज सपाट ठेवला, गिऱ्हाईकाला माप सांगते तसा, आणि तरी प्रत्येक वाक्यागणिक त्याचे खांदे थोडे खाली येत गेले.

"खोटं," तो म्हणाला.

"बरं, खोटं."

"माझ्या हाताला कळतं. काठी तणाला लागली की कळतं. वेलीला कधी लागली नाही."

"मग खोटं."

तो उठला. जाताना दाराशेजारच्या खिळ्यावरची ट्रकची किल्ली तिनं काढून घेतली, आवाज न करता, आणि खिशात टाकली. तो पुढे, पाठमोरा. "किल्ली घेतलीस," तो वळता वळता म्हणाला.

"घेतली."

"कडेचं दिसतं म्हटलं ना मी."

पण परत मागितली नाही. दोघं बांधावरून खाली उतरले. तो काठावर उभा राहिला, थोडा वेळ, मग त्यानं हातमोजे काढले आणि तो गुडघ्यांवर बसला. तिनं त्याला कधी असं बघितलं नव्हतं. खाचरात तो वाकायचा, उकिडवा बसायचा, पण गुडघे टेकायचा नाही. आपल्या घरात कुणी टेकणार नाही, असं तो मोठ्यानं म्हणायचा, लहान असताना, पापांच्या आवाजात. आता तो दोन्ही हात पसरून वेलींवरून फिरवू लागला. सुरुवातीला हात हिरव्यावर होते. मग ते पट्ट्यावर आले आणि पानं गळू लागली, सुकी, चुरचुरीत, आवाज करत. हात थांबले. पुढे गेले. पुन्हा पानं. काडी वाकवली ती मोडली. तो गुडघ्यांवर पुढे सरकत राहिला, त्या तपकिरीतून, आणि ती बाजूनं चालत राहिली, थांब म्हणावं की नाही हे न कळून. पट्टा संपेपर्यंत तो सरकला. मग त्याचा हात झटकन मागे आला. मनगटावर लाल रेघ उठली होती.

"ही आहे जिवंत," तो म्हणाला. "हिला काही झालेलं नाही."

त्यानं काटेवेल चिमटीत धरली, पण ओढली नाही. ओढून उपयोग नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. तो तसाच बसून राहिला आणि जरा वेळानं म्हणाला, "माईचे गुडघे दुखायचे का गं? पापांनी हे घेतल्यानंतरसुद्धा?"

हे तो का विचारतोय ते तिला कळलं आणि नाहीही कळलं. उत्तर तोंडाशी आलं. इथे, या जागी, तो या अवस्थेत असताना ते सांगणं म्हणजे शेंड्याला औषध लावण्यासारखं होतं. ते तो स्वतःच खाली घेऊन गेला असता. पण सकाळी एकदा ती छान म्हणाली होती, आणि त्या शब्दाची चव अजून तिच्या तोंडात होती.

"दुखायचे," ती म्हणाली. "म्हणून ती इकडे यायला नको म्हणायची. म्हणायची, तिकडे नेलंत तर पुन्हा गुडघ्यांवर बसावं लागेल."

"असं म्हणाली?"

"असंच."

तो हलला नाही. रेनोच्या बाजूला फवारा सुरू झाला आणि बंद पडला. क्रिसांतोच्या चेहऱ्याकडे बघायचं तिनं टाळलं. आपणही आता बाजूलाच बघतोय, असं तिच्या मनात आलं.

"मला म्हणाली असती तर मी ऐकलं नसतं," शेवटी तो म्हणाला. एवढंच. तू बरोबर केलंस असं म्हणाला नाही, आणि पुढेही कधी म्हणाला नाही. मग हात टेकून उभा राहिला, गुडघ्यांची वाळू झाडली आणि विचारलं, "वारा आहे का?"

"नाही."

"पानं कोरडी आहेत?"

"कोरडी आहेत."

"मग काठी घे. दिवस वाया कशाला घालवायचा. माझे बूट तुला मोठे होतील, माईचे आहेत आत."

तिला नाही म्हणायचं होतं. नवऱ्यामुलींचे झगे, पांढरे धागे, तिच्या हातांना औषधाची सवय राहिली नव्हती. आणि पुढच्या शनिवारी? त्याच्या पुढच्या? हे खाचर, पलीकडचं खाचर, थंडी सरतानाचे दाणे, ऑक्टोबरचं पाणी; तो असं काही मागत नव्हता, आणि ती काठी हातात घेईल तेव्हा ते सगळं तिच्या हातात येईल हे दोघांनाही दिसत होतं. ती आत जाऊन बूट घालून आली. हातमोजे चढवले. काठी तिच्या आठवणीपेक्षा जड होती.

तो बांधावर बसला, पाय खाली सोडून, चेहरा पलीकडच्या झाडांकडे. ती खाचरात उतरली.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"गोल्डनरॉड."

"किती उंच?"

"कमरेएवढं."

"शेंड्याला. एका बाजूनं जा, मग उलटी ये. पुसलंस?"

"पुसलं."

"पुढे?"

"काटेवेल. पण खाली आहे, वेलींच्या आत. वर आलेली नाही."

"सोड तिला. पुढच्या महिन्यात वर येईल तेव्हा बघू. पुढे?"

ती सांगत गेली आणि तो विचारत गेला. दोन वर्षांत ते एवढं बोलले नव्हते, त्याआधीही कदाचित नाही. तणांची नावं, उंची, डावं, उजवं. मधूनच तो गप्प व्हायचा आणि तिला वाटायचं तो वाळलेल्या पट्ट्यांचा विचार करतोय, त्या जागी नव्या काड्या रोवल्या तर त्यांना फळ धरायला लागणाऱ्या वर्षांचा, आणि तोपर्यंत त्याला काय दिसत असेल याचा. तीही तोच विचार करत होती. ऊन पाठीवर येऊन बसलं होतं. एका तुऱ्यापाशी ती वळताना तिचा बूट चिखलात रुतला, हात हलला, आणि वातीच्या टोकाशी जमलेला निळा थेंब सुटला. तो तिच्या उजव्या पायाशी एका वेलीवर पडला, कोवळ्या फांदीवर, जिच्यावर बारीक हिरवी फळं नुकती धरली होती. तिनं बांधाकडे बघितलं. तो झाडांकडे तोंड करून बसला होता. कडेनं त्याला एवढं दिसणं शक्य नव्हतं. एवढ्या मोठ्या खाचरात एक थेंब, आणि आधीच इतकं वाळलेलं.

"थांबलीस का?" त्यानं विचारलं.

"सांतो, एक थेंब पडला."

"कशावर?"

"वेलीवर."

त्यानं मान थोडी वळवली. मग म्हणाला, "मोठी फांदी आहे?"

"कोवळी आहे. फळं धरलीत."

"खुडून टाक. खालपासून, बुडाशी. आत उतरायच्या आधी."

ती वाकली, बुडाशी बोटं नेली आणि फांदी मोडली. ती चिवट होती, एकदम तुटली नाही. दोनदा पिळावी लागली.

"खुडली?"

"खुडली."

"हं," तो म्हणाला. "पुढे काय आहे?"